दुखऱ्या पायालाच ब्रेस

कुलूपराव हे नाव त्यांना क्लबातल्या मुलींनी ठेवलं होतं आणि ते त्यांच्या कानावरही आलं होतं. दुसरा कुणी असता तर चिडला असता. यांना मात्र आतून गुदगुल्या झाल्या. पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून अर्धी हयात घालवलेल्या माणसाला कुलूपराव म्हटलं, तर त्यात शिवी कुठे आली?

स्टोअर कसं चालवावं याबद्दल त्यांची मतं ठाम होती. वस्तू स्टोअरात असते तोवरच ती धड असते. बाहेर गेली की झिजते, फुटते, चोरीला जाते आणि शेवटी तिचं काय झालं हे स्टोअरकीपरला विचारतात. म्हणून त्यांच्या खिडकीवर पाटी होती, 'जुनं दाखवा, नवं न्या'. हातमोजे हवेत? फाटके जमा करा. झाडू हवा? झिजलेला आणून दाखवा. नव्यानं कामाला लागलेल्या माणसाकडे फाटके मोजे कुठून येणार, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. ती सोय कामगारांनी आपापसात करून घेतली होती. जुन्या माणसाला चहा पाजायचा, त्याच्याकडून एक फाटका जोड मिळवायचा आणि तो खिडकीत दाखवायचा. त्या कारखान्यात फाटक्या मोज्यांना जो मान होता तो नव्यांना नव्हता. एकदा वरून तपासणीला साहेब आले. त्यांनी स्टोअरातली हेल्मेटं पाहिली. सगळी एका रांगेत, आपापल्या पिशवीत, धुळीचा कण नाही. "याला म्हणतात देखभाल," साहेब म्हणाले. पलीकडे शेडमध्ये माणसं उघड्या डोक्यानं काम करत होती, पण तिकडे जायला साहेबांना वेळ झाला नाही.

असा हिरा हाती लागल्यावर क्लब त्याला सोडतो होय? मुलींच्या व्हॉलीबॉल क्लबाच्या कमिटीनं त्यांना एकमतानं सामानप्रमुख केलं. पगार नाही, पण लोखंडी कपाटाची किल्ली मिळाली. त्यांच्या दृष्टीनं एवढं पुरे होतं. कपाटात नवे कोरे बॉल होते आणि मैदानावर मुली कातडं सोललेला बॉल उडवत होत्या. कपाटात नवं नेट होतं आणि मैदानावरचं नेट सुतळीनं शिवून शिवून आता नेटापेक्षा सुतळीच जास्त झालं होतं. प्रथमोपचाराची पेटीही होती. तिचं सील अजून कुणी फोडलेलं नव्हतं, कारण फोडलं की आतलं खराब होतं.

याच क्लबात त्यांची एकुलती एक लेक खेळायची. उंचीवरून मैत्रिणी तिला शिडी म्हणत. नेटजवळ उडी मारून हात वर केले की पलीकडच्या मुलींना समोर भिंत उभी राहिल्यासारखं वाटे. कोचबाई कुणाची तोंडभर स्तुती करणाऱ्यातल्या नव्हत्या. एकदा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "ही पोरगी प्रांताच्या संघात जाईल. पाय सांभाळले तर." कुलूपरावांनी त्यातलं पहिलं वाक्य नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. दुसरं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

पाय सांभाळण्याची गोष्ट कोचबाई उगाच काढत नव्हत्या. गेल्या हंगामात मुलींचे घोटे एकामागून एक मुरगळले होते. या खेळात ते ठरलेलंच. नेटजवळ उडी मारायची, खाली येताना पाय जमिनीऐवजी समोरच्या पोरीच्या बुटावर पडतो आणि घोटा आडवा होतो. आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला टपलेलाच असतो. म्हणून कोचबाईंनी ब्रेसचा धोशा लावला. घोट्याला घालायचे, दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेले, लेसनं आवळायचे ब्रेस. बुटाच्या आत बसतात, पाय वरखाली होऊ देतात, पण कडेला वळायला लागला की धरून ठेवतात. "पडल्यावर घालायची वस्तू नाही ती," त्या प्रत्येकाला बजावायच्या. "पडायच्या आधी घालायची."

अध्यक्षांनी देणगीदार गाठला. फरशीच्या दुकानाचा मालक होता. त्यानं सगळ्या संघाला पुरून उरतील एवढे ब्रेस दिले आणि बदल्यात फक्त फोटो मागितला. फोटोत देणगीदार मध्ये, अध्यक्ष त्याच्या बाजूला आणि अध्यक्षांच्या हातात ब्रेस उलटा. मुलींना मागच्या रांगेत उभं केलं होतं, त्यामुळे त्यांचे पाय काही फोटोत आले नाहीत. फोटो काढून झाला, टाळ्या झाल्या आणि कुलूपरावांनी ब्रेस खोक्यांसकट उचलून कपाटात ठेवले.

आठवडा गेला. कोचबाई कमिटीच्या बैठकीत उभ्या राहिल्या.

"ब्रेस कधी वाटणार?"

"जुने जमा झाले की," कुलूपराव म्हणाले.

"कुठले जुने?"

"जुने ब्रेस. जुनं दाखवा, नवं न्या. साधी पद्धत आहे."

"अहो भाऊ, जुने नव्हतेच. पहिल्यांदाच आलेत."

कुलूपरावांनी यावर क्षणभर विचार केला. त्यांना कोचबाईंची दया आली. खेळाडू माणसं, त्यांना व्यवहार कुठून कळणार? "जुनं नाही, म्हणजे आजवर लागलं नाही," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "आणि आजवर लागलं नाही, तर आताच गरज आहे हे कशावरून मानायचं? उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, मलाही द्या."

"सगळ्यांनाच द्यायचेत! त्यासाठीच आणलेत!"

"सगळ्यांना दिले, तर कपाटात काय राहणार?"

प्रश्न कुणालाच चुकीचा वाटला नाही. शेवटी अध्यक्षांनी घसा खाकरला. ते फर्निचरचे व्यापारी होते आणि कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं देऊन मोकळे व्हायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "असं करू. जुना ब्रेस नाही तर जुनी दुखापत चालेल. जिचा पाय दुखावलाय तिनं दाखवावा, तिला ब्रेस मिळेल. जिचा चांगला आहे तिला कशाला हवा?"

"म्हणजे बैल गेला नि झोपा केला," कोचबाई म्हणाल्या.

"म्हण चांगली आहे," अध्यक्ष म्हणाले आणि ठराव पास झाला.

घरी जेवताना शिडीनं विषय काढला. ती बापासारखीच सरळ होती. जे हवं ते तोंडानं मागायची.

"बाबा, मला ब्रेस हवाय."

"पाय दुखतोय?"

"नाही."

"मग?"

"दुखू नये म्हणून हवाय."

"तशी तरतूद नाही," बाबा म्हणाले आणि पाण्याचा घोट घेतला. "आणि समज, असती. तरी तुला सगळ्यांत शेवटी मिळाला असता. सामानप्रमुखाची मुलगी आधी पुढे आली तर लोक काय म्हणतील?"

शिडीची आई एका शिवणकारखान्यात तयार कपडे तपासायच्या कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्यामुळे घरी आल्यावर तिला चूक शोधावी लागत नसे, समोरच दिसे. ती म्हणाली, "लोकांनी काय म्हणावं याची एवढी काळजी आहे, तर लोकांच्याच पोरी का नाही पाळल्यात? ही तरी सुटली असती."

"तुला नियम म्हणजे काय ते कळायचं नाही."

"कळतंय की. आजारी पडल्याशिवाय खायला मिळायचं नाही. हाच ना तुमचा नियम?"

कुलूपरावांनी उत्तर दिलं नाही. बायकोशी वाद घालताना गप्प बसलं की माणूस मोठा दिसतो, असा त्यांचा अनुभव होता. तो अनुभव बायकोचा नव्हता.

पुढच्या सोमवारपासून क्लबात लंगडण्याची साथ आली.

पहिली गिड्डी आली. ही संघाची सेटर, म्हणजे स्मॅश मारणाऱ्या मुलींना बॉल वर उडवून देणारी. बुटकी, चपळ आणि नाटकी. येताना डाव्या पायानं लंगडत होती. कुलूपरावांनी तिला बाकावर बसवलं. तपासणीची रीत त्यांनी स्वतः शोधून काढली होती. घोट्यावर अंगठा दाबायचा. किंचाळली तर दुखापत, नाही किंचाळली तर बनाव. गिड्डी अंगठा टेकायच्या आधीच किंचाळली. पलीकडच्या मैदानावरचे मुलगे खेळ थांबवून बघायला लागले. कुलूपरावांनी गंभीरपणे ब्रेस काढला, तिची सही घेतली आणि तो तिच्या हातात दिला. जाताना ती उजव्या पायानं लंगडत गेली.

मग काय, मुलींना वाट सापडली. रोज एकदोन यायच्या. कुणी रुमाल बांधून, कुणी मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून. एकीनं तर घोट्याला हळद चोपडली होती. ती मोज्याला लागली, मोज्याची बुटाला, बुटाची कुलूपरावांच्या अंगठ्याला आणि अंगठा दोन दिवस पिवळा राहिला. किंचाळण्यातही प्रगती झाली. गिड्डी शिकवण्या घ्यायची म्हणे. पहिली किंकाळी छोटी, दुसरी मोठी, मग ओठ चावून डोळे मिटायचे.

कुलूपराव काही दुधखुळे नव्हते. ज्या मुलीला सकाळी ब्रेस दिला, ती संध्याकाळी मैदानावर हरणासारखी उड्या मारताना त्यांना दिसत होती. पण त्याचा त्यांना त्रास नव्हता. नियम पाळला गेला होता. मुलगी आली, पाय दाखवला, अंगठा दाबला, किंचाळली, सही झाली. यापुढे ती खोटं बोलली असेल, तर ते पाप तिचं. उलट प्रत्येक ब्रेस जाताना त्याच्यामागे काहीतरी कारण नोंदलं जात होतं. खोटं का होईना, कारण होतं, आणि उद्या कुणी विचारलं तर दाखवता येणार होतं.

लंगडली नाही ती फक्त शिडी.

"एकदा किंचाळ ना ग," गिड्डी तिला म्हणाली. "काय जातंय? तुझेच बाबा आहेत."

"माझेच आहेत म्हणून तर नाही जमत."

"मग फक्त 'आई ग' म्हण. तेवढंही पुरतं."

शिडी शुक्रवारी रांगेत येऊन उभी राहिली. एवढ्या लंगड्या पोरींच्या मागे आपली लेक दोन्ही पायांवर सरळ उभी आहे, हे त्यांना लांबूनच दिसलं. तिचा नंबर आला. ती बाकावर बसली, बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढे केला. लहानपणी याच पायाला काटा टोचला तर ती त्यांच्याकडेच धावत यायची. कुलूपरावांनी अंगठा टेकवला. दाबला. जरा जोरानेच दाबला, कारण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना वाटत होतं, ओरड. ओरड ग बाई एकदा.

"काही होत नाही," शिडी म्हणाली. "पाय चांगला आहे. मला नुसता हवाय, बाबा. फायनल आहे. ती मंडळी बघायला येणारेत."

ती मंडळी म्हणजे प्रांताची निवड समिती. हे कुलूपरावांना माहीत होतं, सगळ्या क्लबाला माहीत होतं. त्यांनी मागे वळून कपाटाकडे पाहिलं. आत अजून ब्रेस होते. रांगेतल्या मुली श्वास रोखून बघत होत्या. इथं त्यांना हात लांब करायचा होता, बस्स.

"तुझा पाय चांगला आहे," ते म्हणाले. "पुढची."

त्या दिवशी घरी येताना त्यांची छाती फुगलेली होती. बायकोला ते म्हणाले, "सगळ्या पोरी खोटं बोलल्या. सगळ्या! आपली एकटी नाही बोलली. शेवटी रक्त कुणाचं आहे!"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातला शर्ट खाली ठेवला. "खोटारड्यांना दिलंत आणि खरं बोलणारीला हात हलवत परत पाठवलंत. आणि वर आनंद झालाय तुम्हाला. मला एक सांगा, तुम्हाला मुलगी हवीय की प्रमाणपत्र?"

"तू विषय कुठल्या कुठे नेतेस."

"तिथंच आहे विषय. तिच्या पायापाशी."

फायनलला गर्दी झाली. निवड समितीची तीन माणसं सावलीत खुर्च्या टाकून बसली होती. कुलूपराव संघाच्या बाकामागे उभे होते, खिशात किल्ली, शर्टाला इस्त्री. मैदानावर सगळ्या मुलींच्या बुटांतून ब्रेसच्या काळ्या पट्ट्या डोकावत होत्या. शिडीच्या पायात नुसते पांढरे मोजे होते. खेळ मात्र तिचाच चालला होता. तिनं दोनदा असा ब्लॉक केला की बॉल समोरच्या मुलींच्या पायाशी आपटला. खुर्चीतल्या एका बाईंनी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि शिडीकडे बोट केलं. ते बोट कुलूपरावांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

दुसऱ्या सेटच्या मध्यावर गिड्डी आणि शिडी दोघी एकदम उडाल्या. समोरची मुलगीही उडाली आणि उतरताना तिचा पाय रेषेच्या अलीकडे आला. गिड्डीचा पाय त्या बुटावर पडला, घसरला, ब्रेसनं धरला आणि ती दोन पावलं अडखळून उभी राहिली. शिडीचा पाय त्याच मुलीच्या दुसऱ्या बुटावर पडला. त्याला धरायला काही नव्हतं.

ती किंचाळली. कुलूपरावांनी आजवर त्या बाकावर बऱ्याच किंकाळ्या ऐकल्या होत्या. ही त्यांतल्या एकीसारखीही नव्हती.

बाप होते, धावले. पण कुठे? मुलगी मैदानात पडलेली, कोचबाई तिच्याकडे धावलेल्या, आई गर्दीतून वाट काढत येतेय, आणि कुलूपराव उलट्या दिशेनं, क्लबाच्या खोलीकडे. कुलूप उघडलं. कपाटातून त्यांनी ब्रेस काढला, खोकं फोडलं, पिशवी फाडली आणि ते धापा टाकत मैदानावर आले. मुली बाजूला झाल्या. शिडी पाय धरून बसली होती आणि घोटा डोळ्यांदेखत फुगत होता.

"घे," ते म्हणाले. "आता मिळेल तुला. सही नंतर केलीस तरी चालेल."

बोललेलं त्यांच्या स्वतःच्या कानावर पडलं तेव्हा उशीर झाला होता. कोचबाईंनी वर पाहिलं. आईनं त्यांच्या हातून ब्रेस घेतला आणि बाजूला फेकला. तो जाऊन निवड समितीच्या खुर्च्यांपाशी पडला. शिडीनं तेवढ्यात एकदाच बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्यांना सोसला असता.

लिगामेंट फाटलं होतं. प्लास्टर, मग कुबड्या, मग व्यायाम. प्रांताच्या संघात गिड्डीची निवड झाली. ती पेढ्याऐवजी रडं घेऊन शिडीकडे आली आणि म्हणाली, "माझ्या पायात होता म्हणून मी वाचले ग. मी खोटं बोलले म्हणून." शिडीनं तिची पाठ थोपटली. कुलूपराव दाराआडून ऐकत होते.

आणि क्लब? क्लबानं पुढच्याच बैठकीत त्यांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "स्वतःच्या पोटच्या मुलीलाही ज्यांनी सवलत दिली नाही, असा निःपक्षपाती माणूस आपल्याला लाभला." टाळ्या वाजल्या. कुलूपरावांना आयुष्यात एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. ते उठले, हात जोडले, बोलायला तोंड उघडलं आणि भर सभेत त्यांना रडू कोसळलं. अध्यक्षांना वाटलं, आनंदाश्रू आहेत. त्यांनी फोटोग्राफरला खूण केली.

दुसऱ्या दिवशी कुलूपरावांनी कपाट सताड उघडलं. उरलेले ब्रेस बाहेर काढले. नव्या भरती झालेल्या लहान मुलींना एकेक देऊन टाकला. अंगठा नाही, सही नाही. त्यांतल्या दोघी मोठ्या मुलींचं ऐकून लंगडत आल्या होत्या आणि पाय पुढे करून किंचाळायला सज्ज झाल्या होत्या. "ओरडू नका," ते म्हणाले. "चांगल्या पायालाच घालायचा असतो." मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. यांचं डोकं फिरलं, असं त्या बाहेर जाऊन म्हणाल्या. बैठकीत यावर चर्चा झाली आणि नियम मोडल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली.

शिडी मात्र घरात पूर्वीसारखीच होती. भांडत नव्हती, रुसत नव्हती. काही लागलं तर आईकडे मागायची. बापानं विचारलं, "पाय कसा आहे?" तर "बरा आहे" म्हणायची, आणि खरंच बरा आहे की दुखतोय हे त्यांना तिच्या तोंडावरून कळेनासं झालं. पूर्वी कळायचं. तिच्या बोलण्यात आणि चेहऱ्यात कधी फरकच नसायचा.

वर्षभर तिनं जिद्दीनं व्यायाम केला. पाय तयार झाला. कोचबाईंनी स्वतः तिच्यासाठी ब्रेस आणून दिला आणि तो ती रोज घालू लागली. मग पुन्हा निवड चाचणी लागली, दुसऱ्या गावात. यंदा समितीचा एक नवा नियम असल्याचं कानावर आलं. घोटा किंवा गुडघा आधी दुखावलेली मुलगी सरळ बाद. वर्षभर पोसायची आणि ऐन सामन्याला ती बसायची, हा धोका कशाला?

चाचणीच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "उद्या मीच जाते तिच्याबरोबर. तुम्ही घरी थांबा."

"का? मला सुट्टी आहे."

"ती म्हणालीय, बाबा नकोत."

"का नकोत?"

बायकोला बोचरं बोलता यायचं, पण आज तिनं शब्द निवडून काढले. "तिथं विचारतील, आधी काही झालं होतं का. तुम्ही सांगून टाकाल."

कुलूपराव गप्प बसले. या वेळी मोठं दिसण्यासाठी नाही.

सकाळी मायलेकी निघाल्या आणि मागच्या बसनं कुलूपरावही निघाले. त्यांनी ठरवलं होतं. बसमध्ये खिडकीशी बसून ते पुटपुटत होते, "नाही हो. कधीच नाही. धडधाकट आहे पोरगी. मी बाप आहे, मला ठाऊक नसणार?" एकदा हळू, एकदा जोरात, एकदा हसून. शेजारचा माणूस जरा सरकून बसला. खोटं बोलण्याचा सराव नव्हता, पण घोकून घोकून तिसऱ्या थांब्यापर्यंत त्यांना ते बऱ्यापैकी जमायला लागलं. आपली एवढ्या वर्षांची सचोटी, ते मनाशी म्हणत होते, आज एकदाची पोरीच्या कामी येईल. ज्याचा शब्द कुणी कधी खोटा ठरवला नाही, त्याच्या शब्दावर शंका कोण घेणार?

ते पोचले तेव्हा खेळ संपत आला होता. कुंपणाच्या आत नळापाशी मुली पाणी पीत होत्या. निवड समितीच्या बाई, गेल्या वर्षीच्याच, शिडीसमोर उभ्या होत्या. आई लांब सामानापाशी होती. कुलूपराव फाटकातून आत आले आणि चार हातांवर थांबले.

"खेळ सुरेख आहे तुझा," बाई म्हणत होत्या. "पण हा ब्रेस? पाय दुखावला होता का आधी?"

"नाही," शिडी म्हणाली. पापणीही लवली नाही. "काळजी म्हणून घालते. आमच्या क्लबात सगळ्याच मुली आधीपासून घालतात. तशी पद्धतच आहे."

"अरे वा! शहाणा क्लब दिसतोय. नाहीतर लोक पाय मोडल्यावर जागे होतात." बाई हसल्या. वर्षभरात त्यांनी शेकडो पोरी पाहिल्या होत्या, चेहरे कुठे लक्षात राहणार? मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "पण गेल्या वर्षी फायनलला कुणीतरी पडलं होतं तुमच्यातलं. तू नव्हेस ना ती?"

"दुसरी होती. तिनं खेळ सोडला."

कुलूपराव पुढे सरकले. पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "हे कोण? तुझे वडील का?"

शिडी वळली. बापाला तिथं पाहून तिचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग ती पटकन म्हणाली, "नाही, नाही. हे क्लबाचं कपाट सांभाळतात. यांना खेळातलं काही माहीत नाही."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि पुन्हा तिच्याकडे वळल्या. "सोमवारी शिबिराला ये. सामान घेऊन."

शिडीनं मान डोलावली आणि बापाकडे न बघता ती आईच्या दिशेनं पळाली. पाय कुठेही अडखळत नव्हता. बाई निघून गेल्या, बाकीच्या मुलीही पांगल्या. कुलूपराव नळापाशी उभे राहिले. लेकीची निवड झाली होती आणि त्यांना इतका आनंद झाला होता की कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. सांगायला जवळ कुणी नव्हतं. बाप तोंड उघडेल तर खरंच बोलेल, या एका भीतीनं पोरीनं बापालाच नाकारलं होतं. आणि ते तर आज तिच्यासाठी खोटं बोलायलाच आले होते.